नानांच्या हाताची ओल

नाना गुरवांनी आपल्या सख्ख्या नातीसाठी कौल लावू द्यायला नकार दिला, हे मला आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी सांगितलं. मी त्यांना सरळ म्हटलं, मावशी, सकाळी सकाळी असलं काहीतरी उठवू नका. कारण भैरोबाच्या दारातून नानांनी कुणाला मोकळ्या हाताने परत पाठवल्याचं गावात कुणी ऐकलेलं नव्हतं. कोरेगाव तालुक्यातली कितीतरी लग्नं, विहिरी, वाटण्या आणि भरत्या नानांच्या हाताखालून गेलेल्या. असला माणूस घरच्या पोरीच्या वेळी हात वर करतो म्हणजे काय? मला पटेना. पुढं त्याच आठवड्यात देवळात जे डोळ्यांनी पाहिलं, त्यानं तर माझी वाचाच बसली. आता नाना नाहीत, मार्गशीर्षात गेले. तरी तो धक्का काही माझ्या अंगावरून उतरलेला नाही.

कौल म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाहेरच्यांसाठी सांगते. मनात दोन वाटा असल्या आणि पाय उचलत नसला, की माणूस देवळात येतो. गुरव कण्हेरीची दोन फुलं पाण्यात भिजवून देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे फुलांकडे बघत बसतात. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मग त्यावर कुणी ब्र काढत नाही. बायको काढत नाही, भाऊबंद काढत नाहीत. आमच्या भागात कोर्टाचा निकाल लोक फिरवतात, भैरोबाचा नाही.

नाना अंगानं काटकुळे, कान मोठे आणि हात कायम ओले. देवळामागची कण्हेर त्यांनीच लावलेली. तिला पाणी घालायचं, गाभारा धुवायचा, देवाला न्हाऊ घालायचं, यात त्यांची सकाळ जायची. आम्ही लहान असताना त्यांनी कौतुकानं गालाला हात लावला की अंगावर काटा यायचा, इतका तो गार. शेवटची दोन वर्षं मोतीबिंदूनं त्यांना घेरलं होतं. ऑपरेशनचं नाव काढलं की पुढची जत्रा होऊ दे म्हणायचे. जत्रा होऊन जायची आणि नाना हातांनी चाचपत गाभाऱ्यात वावरायचे. फुलं कुठं, तांब्या कुठं, देवाचा खांदा कुठं, सगळं हाताला पाठ.

कौल लावायची त्यांना कधी घाई नसायची. आलेल्या माणसाला आधी चहा. चहा अर्धा टाकून उठणाऱ्याचा कौल ते लावायचेच नाहीत. ज्याला कपभर थांबवत नाही, तो देवाला काय थांबणार, असं म्हणायचे. मग माणूस आपल्या दोन वाटा सांगायचा. सगळं ऐकून झालं की नाना म्हणायचे, "ही दोन्ही झाली. आता मधलं सांग." मधलं म्हणजे काय, ते कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, पण माणूस बोलायला लागायचा. सासू कशी आहे, भाऊ कुठं अडून बसलाय, रात्री झोप का येत नाही. तासभर ते चालायचं. आम्हाला वाटायचं, म्हातारा वेळकाढू आहे.

जून-जुलै आला की देवळात पोरांची रीघ. लग्नसराईत नसेल एवढी गर्दी दाखल्याच्या दिवसांत. नानांना सगळे शब्द ठाऊक झाले होते. "देवा भैरोबा, ह्या लेकरानं दुसऱ्या राऊंडला थांबावं का हाय ती शीट धरावी, उजवा-डावा करून सांग," असं गाऱ्हाणं ते तोंडाची सुरकुती न हलवता घालायचे. कटऑफ, हॉस्टेल, मेस, सगळं देवाच्या कानावर घातलं जायचं. भैरोबाइतकी ॲडमिशनची माहिती साताऱ्यातल्या एखाद्या क्लासवाल्याला तरी असेल का, याची मला शंका आहे.

एकदा तर सरपंचपदाचा एक उमेदवार अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळीच आला. उभा राहू का नको, एवढंच विचारायचं होतं. गाडी दारात उभी, कार्यकर्ते हार घेऊन तयार. नानांनी फुलं लावली आणि ती काही पडेनात. दहा वाजले, बारा वाजले, कार्यकर्त्यांनी वडापाव आणून खाल्ले. फुलं देवाच्या खांद्यावर बसली ती बसलीच. मधनंच उठून जायची कुणाची छाती? अर्जाची वेळ टळून गेली तेव्हा कुठं डावं फूल सुटलं. नाना म्हणाले, देव बी इचारात पडला व्हता. त्या वेळी सगळं गाव हसलं. पुढं निवडणुकीत त्याच्याच भावकीतला माणूस त्याच्याविरुद्ध उभा राहणार होता असं कळलं, आणि घरातली डोकी फुटायची वाचली म्हणून लोकांनी भैरोबाला नारळ फोडले.

माझाही कौल नानांनीच लावला होता. बारावीला मला बरे मार्क पडले आणि दोन कॉलेजांत नाव लागलं. एक सांगलीचं इंजिनिअरिंग, हॉस्टेलवर राहायचं. दुसरं साताऱ्याचं डी.एड., रोज घरून जाऊन-येऊन. मला सांगली हवी होती. मशिनच्या नुसत्या वासानं मला बरं वाटायचं. आमच्या उसाच्या रानातली मोटर बिघडली की मी वायरमनच्या आधी पोचायची. पण घरात एकमत होईना, म्हणून देवळात गेलो. सांगलीला जाऊ का, असं विचारलं आणि डावं फूल पडलं. मी त्या दिवशी रडलेसुद्धा नाही. देवच नको म्हणतोय म्हटल्यावर भांडायचं कुणाशी? मी मास्तरीण झाले, पुढं आमच्याच गावच्या शाळेत मुख्याध्यापिका झाले. कधी रजिस्टरांचा आणि मीटिंगांचा उबग आला, की मनाला सांगायची, वैशाली, हे तुझं भैरोबानं लावून दिलंय, गप कर. एवढ्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं तगून होते.

आता सायलीचं. सायली नानांच्या मुलाची, सुनीलची मुलगी. सुनील शिरवळला कंपनीत. पोरगी माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली, हुशार, पण काळजाची भित्री. तिला आधी साताऱ्याच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली आणि तिनं ती घेऊनही टाकली. घरात पेढे वाटले. त्यावर आठ दिवस गेले नाहीत तोच सांगलीच्या इंजिनिअरिंगच्या यादीत तिचं नाव लागलं. शनिवारपर्यंत सांगलीत हजर व्हायचं, म्हणजे साताऱ्याची जागा सोडायची. एक सोडली की ती परत मिळायची नाही. तिथून तिचं जे सुरू झालं ते बघवेना. सकाळी सांगली, दुपारी सातारा आणि संध्याकाळी रडणं. नर्सिंगला नोकरीची खात्री, नाना-आई जवळ. सांगलीला सगळं नवं, आणि ते तिला हवंही होतं आणि त्याची भीतीही वाटत होती. शेवटी तीच म्हणाली, देवाला विचारा आणि मला यातनं सोडवा.

गुरवानं स्वतःच्या घरचा कौल स्वतः लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. पाहुण्या गुरवाला बोलवावं लागतं. म्हणून सुनीलनं उंब्रजजवळून आपल्या मामाला, दादू गुरवांना आणलं. तेही तिकडच्या देवळाचे गुरव, नानांच्या बायकोचे भाऊ. आणि नाना गाभाऱ्याच्या उंबऱ्यात आडवे बसले. कौल लागणार नाही म्हणाले. मावशींनी सांगितलेलं ते हेच.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी देवळात गेले. सायली खांबाला टेकून बसलेली, डोळे सुजलेले. सुनील तापलेला. दादू गुरव फुलं हातात घेऊन ताटकळलेले.

"नाना, सगळ्या गावाचं देव ठरीवतोय," सुनील म्हणाला. "आमचंच तेवढं का नगं?"

नाना उंबऱ्यात आणखी सरसावून बसले. मग म्हणाले, "पाव्हण्याच्या हाताला ओल किती हाय, मला म्हाईत न्हाई."

कुणाला काही कळलं नाही. मला वाटलं, म्हातारपणानं बहकले. नाना उठले, दादूंच्या हातातनं फुलं घेतली आणि तांब्या जवळ ओढला. "सायले, कंचं पाडू सांग," म्हणाले. पोरगी घाबरून त्यांच्याकडे बघायला लागली. त्यांनी परत विचारलं. तेव्हा ती हळूच म्हणाली, डावं. नानांनी उजवं फूल तांब्यात चांगलं बुडवून निथळलं, डाव्याला नुसतं ओलं बोट फिरवलं आणि चाचपत दोन्ही देवाच्या खांद्यांना लावली. आम्ही सगळे बघत राहिलो. थोड्या वेळानं डावं फूल पडलं.

"आता उजवं पाडतो," नाना म्हणाले. आणि उजवं पडलं.

मी तिथंच खाली बसले. इतकी वर्षं ज्याच्यापुढं आम्ही श्वास धरून बसायचो, ती गोष्ट एका ओल्या बोटाची होती? मी दादू गुरवांकडे बघितलं. वाटलं, देवाचा माणूस आहे, आता हा नानांवर खवळेल. त्यांनी टोपी नीट केली, पिशवी उचलली आणि जाता जाता नुसतं म्हणाले, "दाजी, ही बोलायची गोष्ट नव्हं." मला दुसरा धक्का तो. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. सगळ्याच गुरवांना ठाऊक होतं आणि ठाऊक नव्हतं ते फक्त आम्हाला.

सुनील डोकं धरून बसला. मी विचारायचं नाही ठरवलं होतं, तरी तोंडातनं निघून गेलंच. "नाना, माझा कौल?"

"तुझा बी," नाना म्हणाले. "तुझी आई आली व्हती, वैशे. आदल्या दिवशी. बा तुझा तिकडं फौजेत, बर्फात, भाऊ भरतीच्या नादात, ती घरात एकली. पोरगी सांगलीला गेली की मागं फिरत न्हाई, म्हणून लय रडली. मला वाटलं, हितं ऱ्हाऊन तुझं बी बरंच हुईल."

आई आता नाही. भांडायचं तर कुणाशी, हा प्रश्न परत तसाच उभा. मला त्या क्षणी नानांचा इतका राग आला की त्यांचा तो तांब्या उचलून बाहेर फेकावासा वाटला. माझं अख्खं आयुष्य एका म्हाताऱ्याच्या बोटानं ठरवलं आणि वर देवाचं नाव दिलं. आणि तो म्हातारा किती शांतपणे सांगत होता.

पण तो शांत नव्हता, हे पुढं कळलं. सायली एकदम म्हणाली, "सगळ्यांचं तुमी ठरवलं, तर माझंबी ठरवा की. माझंच का न्हाई?" तेव्हा नानांचा आवाज फुटला.

"बुधवारी पहाटं बसलो व्हतो गं," ते म्हणाले. "कुणाला न सांगता. दोन्ही फुलं घेतली आन कंचं कमी भिजवू तेच कळंना. तू सांगलीला गेलीस तर मला माती द्यायला तरी पोचशील का, असं मनात आलं. मग ध्यानात आलं, मी तुझं बघतच न्हाई, माझं बघतोय. आजवर मला वाटायचं, मी लोकांचं बघतोय. आता म्हाईत न्हाई. किती जणांचं असं झालं आसंल, म्हाईत न्हाई."

सायली उठून घरी गेली. तिला सुटका हवी होती आणि ती मिळाली नाही.

गावात ही गोष्ट पसरायला किती वेळ लागतो? मला वाटलं, आता नानांना लोक देवळाबाहेर काढतील. पण गावाचं काही सांगता येत नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी दोघंजण आले आणि म्हणाले, आवं नाना, ते समदं खरं आसंल, पण आमचं तेवढं लावा. त्यांतला एक म्हातारा तर, देवानंच तुमच्या बोटाला अक्कल दिली आसंल, असं म्हणून त्यांच्या पाया पडला. नानांनी दोघांनाही चहा पाजला आणि वाटेला लावलं. ते दोघं रागावून गेले. देव खोटा ठरला याचा राग कमी आणि आपलं आपल्याला ठरवावं लागणार याचा जास्त, असं माझं मत आहे.

शुक्रवारी सायली शाळेत माझ्याकडे आली. "बाई, तुमीच सांगा," म्हणाली. सांगली हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. जा म्हणावं, मागं बघू नको म्हणावं, हॉस्टेलला मीच सोडायला येते म्हणावं. आणि मग मला भीती वाटली. मी पोरीला पाठवत होते का बारावीतल्या वैशालीला? नानांवर कालपासून चडफडत होते आणि माझाही हात तांब्यातच होता. मी तिला म्हटलं, मला विचारू नकोस. ती माझ्याकडे अशी बघून गेली की मला रात्रभर झोप लागली नाही.

शनिवारी सकाळी फाट्यावर ती, सुनील आणि नाना उभे होते. माझी सकाळची शाळा, वाटेत मीही थांबले. साताऱ्याची गाडी आधी आली. सायलीनं बॅग उचलली, खाली ठेवली, परत उचलली. कंडक्टरनं चला चला केलं आणि गाडी गेली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग उलट्या बाजूनं कराडची आली, पुढं सांगलीला जाणारी. ती कुणाकडेही न बघता चढली, सुनील तिच्या मागं चढला. खिडकीतनं एवढंच म्हणाली, "नाना, गोळ्या घ्या येळच्या येळी." गाडी हलली तेव्हा ती रडत होती.

"कंची गाडी गेली?" नानांनी मला विचारलं. त्यांना आता तेवढंही दिसत नव्हतं.

मी सांगितलं, कराडची. त्यांनी मान हलवली. मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं, पण आंधळ्या माणसाला रस्त्यावर कसं सोडणार? हाताला धरून त्यांना देवळापर्यंत नेलं. हात नेहमीसारखा गार आणि ओला.

गाभाऱ्यात गेल्यावर मी निघणार तेवढ्यात त्यांनी परडीतली दोन फुलं उचलली. दोन्ही एकदमच तांब्यात टाकली, मुठीनं ढवळली, हाताला येतील तशी काढली आणि देवाच्या खांद्यांना लावली. "ह्या बारीला ओल बघितली न्हाई, देवा," ते म्हणाले. "खरंच इचारतोय. पोरगी गेली, ती बरोबर गेली का?" आणि हात जोडून उंबऱ्यापाशी बसले.

आयुष्यभर लोकांना उत्तरं देणारा माणूस पहिल्यांदा स्वतःसाठी विचारत होता. मला शाळेला उशीर होत होता तरी पाय निघेना. घंटा वाजली, पोरांची प्रार्थना सुरू झाल्याचं ऐकू आलं. आणि फूल पडलं.

"पडल्यागत वाटलं," नाना म्हणाले. "कंचं?"

डावं पडलं होतं. दगडावर पांढरं फूल मला स्वच्छ दिसत होतं.

"उजवं, नाना," मी म्हणाले.

"उजवं?"

"व्हय. उजवं."

त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि मला म्हणाले, जा, पोरं वाट बघत असतील. मी सभामंडपातनं पायऱ्या उतरले. मी काय केलं, हे माझं मलाच खरं वाटेना. चपला घालताना मागं वळून बघितलं. नाना गुडघ्यांवर गाभाऱ्यात सरकले होते आणि देवाच्या पायाशी दगडावरून हात फिरवत होते. आधी उजवीकडे. तिथं काही नव्हतं. मग डावीकडे. तिथं त्यांना फूल सापडलं. थोडा वेळ त्यांनी ते तसंच हातात धरलं, मग दोन्ही डोळ्यांना लावलं, आणि मला हाक मारली नाही.